चाकाची आतली बाजू



भंडाऱ्याहून साकोलीकडे निघालं की वैनगंगेचा पूल ओलांडल्याबरोबर आमचं कारधा लागतं. पावसाळ्यात हे नाव तुम्ही बातम्यांत ऐकता, कारण नदीची पातळी इथे मोजतात. तिथे धोक्याची खूण ठरलेली असते. अशीच एक धोक्याची खूण मोटारीच्या चाकावरही असते. ती मात्र आपण सहसा बघत नाही. आज तिच्याबद्दल बोलू.

माझा भाचा पुण्याला असतो. गाड्यांचा भारी शौक. त्याने आपली पोलो खाली करून घेतली, म्हणजे कंपनीच्या स्प्रिंगा काढून आखूड, कडक स्प्रिंगा टाकल्या. गाडी दीड इंच खाली आली. दिसायला अगदी शर्यतीची! मागच्या दिवाळीत बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन तो त्याच गाडीने आला. पुलावर येईपर्यंत पुढून घूं-घूं आवाज वाढला होता, म्हणून नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे थांबला.

दुकानदाराने स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं, खाली वाकून टायरवर हात फिरवला आणि म्हणाला, ‘भाऊ, लेकराला घेऊन याच्यावर आले काय?’ बाहेरून टायर छान दिसत होता. आतली कड मात्र इतकी झिजली होती की तारा दिसत होत्या. दोन्ही बाजूंना तेच. तसा टायर भर वेगात कुठेही फुटू शकतो.

भाच्याने गाडीतून कागद काढला. ‘अलाईनमेंट केलं आहे, सगळे आकडे हिरवे आहेत!’ कागद खरा होता. पण तारीख स्प्रिंगा बदलण्याच्या आठवडाभर आधीची होती. शिंप्याला आधी माप द्यायचं आणि शिवल्यावर कापड आटवायचं, तसला हा प्रकार.

मंडळी, गाडी खाली केली की नुसती उंची कमी होत नाही. चाकाला धरणाऱ्या दांड्यांचे कोन बदलतात. चाकाचा माथा आत झुकतो, त्याला कॅम्बर म्हणतात. शिवाय स्टिअरिंगचा टाय रॉडही तिरपा होतो आणि चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळवतो, तो टो. कॅम्बरमुळे भार आतल्या कडेवर येतो आणि टो त्याच कडेला रस्त्यावर घासतो. टायर खाण्यात टोचा वाटा मोठा. साधा हिशेब करा. चाक पाव अंशाने वाकडं असेल, तर एका किलोमीटरमागे ते सव्वाचार मीटरहून जास्त आडवं घसटतं. नागपूर ते भंडारा साठ किलोमीटर धरले, तर जवळपास 260 मीटर!

दुसऱ्या दिवशी दोन नवे टायर बसवून आम्ही भंडाऱ्यात अलाईनमेंटच्या दुकानात गेलो. रॅम्पला बंपर टेकत होता, म्हणून आधी लाकडी फळ्या लावल्या. कारागीर जुन्या वळणाचा होता. त्याने लगेच मशीन सुरू केलं नाही. चारही टायरांची हवा सारखी केली, मग चाक हलवून बॉल जॉईंट आणि टाय रॉडचा खेळ पाहिला. जोड सैल असेल तर मोजलेला कोन दुकानाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात बदलतो. नव्या स्प्रिंगा शे-दोनशे किलोमीटर चालून बसल्या आहेत ना, हेही विचारलं.

मग मोजणी. मागची चाकं आधी. या गाडीचा मागचा आडवा बीम एकसंध असतो, तिथे कोन फिरवायची सोय नाही. पण मागची चाकं जिकडे ढकलतात, त्या रेषेला धरून पुढची लावावी लागतात. नाहीतर गाडी सरळ जाते आणि स्टिअरिंग तिरकं राहतं. पुढे आधी कॅम्बर आणि टो सगळ्यांत शेवटी, कारण कॅम्बर हलला की टोही हलतो.

शेवटी पडद्यावर कॅम्बर लालच राहिला. भाच्याचा चेहरा उतरला. कारागीर म्हणाला, ‘मशीनला कंपनीची उंची माहीत आहे, तुमची नाही. हा थोडा लालच राहणार. डावा-उजवा सारखा आहे, टो बरोबर आहे. पण दर दोन-तीन हजार किलोमीटरला आतून पाहत जा.’ हिरवा कागद हातात देणाऱ्यापेक्षा हा लाल आकडा समजावून सांगणारा मला जास्त भरवशाचा वाटला.

एक गोष्ट कायद्याचीही. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. शौक करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारलेलं बरं. भाच्याने विचारलं नव्हतं. मी त्याला तसं बोललोही.

तुमची गाडी खाली केलेली नसली, तरी एवढं करा. स्टिअरिंग वळवून ठेवा, गाडी बंद करा आणि टायरवर आडवा हात फिरवा, बाहेरून आत आणि आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं लागलं, तर टो बिघडला समजा. खाचांमध्ये लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, म्हणजे 1.6 मिलिमीटर उरलं, की टायर बदला. हीच ती धोक्याची खूण.

भाचा परत गेला. आता निघण्याआधी त्याची लेकच त्याला विचारते, ‘बाबा, आतून पाहिलं का?’ हात काळे होतात, एवढंच.