शब्दाला फुटलेले फाटे



आजचे व्याख्यान देवगाव फाट्यावर आहे, तेव्हा गावाच्या नावापासूनच आरंभ करू. ‘फाटा’ म्हणजे मोठ्या रस्त्यापासून फुटलेली वाट, हे येथील लहान पोरालाही ठाऊक आहे. पण ‘खर्चाला फाटा दिला’ म्हणजे खर्च टाळला, आणि ‘फाटे फोडले’ म्हणजे सरळ गोष्टीत नसते वाद काढले! ‘फाटा’चा एकच अर्थ पाठ करून येणाऱ्या परक्याची येथे जी गत होईल, तीच इंग्रजी शिकताना आमची होते.

आम्ही परीक्षा ‘देतो’. इंग्रज विद्यार्थी ती ‘टेक’ करतो, म्हणजे घेतो! आमच्या मुलाने ‘आय विल गिव्ह ॲन एग्झाम’ म्हटले, तर इंग्रजाला तो परीक्षक वाटावयाचा. शंका विचारण्यासाठी ‘आय हॅव अ डाउट’ म्हटले, तर परदेशी माणसाला त्यात अविश्वासाची छटा जाणवते. तेथे ‘क्वेश्चन’ बरा. व्याकरण दोन्ही वाक्यांत निर्दोष आहे. चुकते ती वहिवाट. आणि वहिवाट तर्काने कळत नाही, ऐकून व विचारून कळते.

यात कमीपणा कसला? दुसऱ्या महायुद्धात इंग्रज व अमेरिकन अधिकाऱ्यांत ‘टेबल’ या शब्दावरून लांबलचक वाद झाला, असे चर्चिल यांनी लिहून ठेवले आहे. प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे इंग्रजांच्या मते चर्चेला घेणे, अमेरिकनांच्या मते बाजूस ठेवणे. वास्तविक दोघांना हवे होते एकच! ज्यांची ती मातृभाषा, ते जेथे अडखळले, तेथे आमचे काय?

मोल्सवर्थसाहेब सैन्यातले अधिकारी. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, तो मराठी पंडितांना विचारून विचारून. विचारण्याची त्यांना लाज वाटली नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवितात. तरी मुलाखतीच्या दारात आमचा हुशार मुलगा गप्प राहतो. त्याचे नुकसान चुकलेल्या शब्दाने होत नाही, न उच्चारलेल्या शब्दाने होते. आणि ते मौन त्याला आमच्या हसण्याने शिकविलेले असते.

म्हणून मुलांनो, शब्द एकटा टिपू नका. सबंध वाक्य टिपा, कोण कोणास केव्हा बोलला तेही टिपा. आणि अडले की विचारा. फाट्यावर उभे राहून वाट विचारणाऱ्याला येथे कोणी हसत नाही; भाषेच्या फाट्यावरही हसू नये, एवढेच आमचे मागणे आहे.