पोलादी पेटीतील घर

मालवाहू जहाजांवरील पोलादी कंटेनरचे राहत्या इमारतीत रूपांतर करण्याच्या पद्धतीसाठी अमेरिकेत फिलिप क्लार्क यांना १९८९ मध्ये पेटंट, म्हणजे शोधावरील कायदेशीर हक्क, मिळाले; तेव्हापासून स्वस्त घर म्हणून अशा कंटेनरची वाखाणणी होत आली असली, तरी ती काहीशी घाईचीच म्हणावी लागेल. जहाजावर एकावर एक रचलेल्या कंटेनरांचा भार छतावर नव्हे, तर चार कोपऱ्यांतील खांबांवर येतो. मात्र नागमोडी पत्र्याच्या भिंती हा निव्वळ आडोसा नसून त्याच सांगाडा ताठ ठेवतात, त्यामुळे खिडकी-दारांसाठी पत्रा कापला की तेथे नवी पोलादी चौकट बसवावी लागते, आणि दोन कंटेनर जोडून ऐसपैस दिवाणखाना करू गेल्यास बचतीचा बराचसा हिशेब तिथेच कोलमडतो.

पोलाद उष्णता झपाट्याने वाहून नेत असल्याने उष्णतारोधन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, अपरिहार्य ठरते. परंतु आतील रुंदी मुळातच सुमारे २.३५ मीटर असल्याने, हा थर आतून दिल्यास खोली आणखी अरुंद होते. शिवाय थरात फट राहिली, तर घरातील बाष्प थंड पत्र्यावर द्रवरूप होऊन गंज चढतो.

तळाच्या प्लायवूडला वाळवी व कीड लागू नये म्हणून अनेकदा कीटकनाशक दिलेले असते. त्याचा तपशील बहुधा दारावरील धातूच्या पट्टीवर कोरलेला असल्याने, खरेदीपूर्वी ती वाचणे इष्ट.