सोलापुरात आपले स्वागत



सिद्धरामेश्वरांच्या नगरीत आपले मनःपूर्वक स्वागत. बाराव्या शतकात त्यांनी इथे तलाव बांधला, अडुसष्ट लिंगे स्थापली आणि वचने रचली ती कन्नडात. आज संक्रांतीला नंदीध्वज निघतात, तेव्हा बाराबंदी घातलेल्या गर्दीत मराठी, कन्नड, तेलुगू अशा सगळ्या घरांतली माणसे असतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा स्वातंत्र्यलढ्यात 1931 साली फासावर गेले, तेही याच गावचे.

पण आज मला नाव घ्यायचे आहे ते शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांचे. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवरचा शके 940 चा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. त्याचे महत्त्व लोकांपुढे आणण्यात कुंभारांचा मोठा वाटा. जिल्ह्यातले कन्नड लेखही त्यांनी तेवढ्याच मायेने अभ्यासले. हे नाव सोलापूरच्या प्रत्येक शाळकरी मुलाच्या तोंडी असायला हवे.

सीमा आणि इतिहास हा आपल्या परिषदेचा विषय. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 साली आमचा अक्कलकोट तालुका कर्नाटकाला द्यावा असे सुचवले, म्हणून हा विषय आम्हाला घरचाच. एक बाजू चालुक्यांचे कन्नड लेख पुढे करते, दुसरी यादवांचे मराठी. लेखांवरूनच हद्द आखायची, तर श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठी अक्षरे आहेत. तिथवर हक्क सांगायचा का? राज्य कोणाचे होते, दान कोणी दिले, हे लेख सांगतो. आज गाव कुठे असावे, हे गावकऱ्यांनाच विचारावे. बेळगाव-निपाणीची मराठी माणसे 1956 पासून हेच मागत आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला कोणत्याही ताम्रपटापेक्षा वजनदार वाटते. हाच न्याय अक्कलकोटलाही लावावा.

आता व्यवस्थेविषयी. खोल्या कमी पडल्या, काही पाहुण्यांना दाटीवाटीने राहावे लागत आहे, त्याबद्दल हात जोडून क्षमा मागतो. पाणी टँकरचे आहे, कृपया जपून वापरावे. यंत्रमागधारक बंधूंनी चादरी दिल्या, आडत व्यापाऱ्यांनी ज्वारी दिली, बचत गटाच्या भगिनींनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी केली. मंडप, ध्वनिक्षेपक, चहा, सगळे देणगीतूनच उभे राहिले. नावे छापू नका म्हणणाऱ्या दात्यांचेही ऋण मोठे आहे.

उद्या सकाळी सातला कुडलची बस सुटेल. जागा मोजक्या आहेत. नावे आज रात्रीच नोंदवावीत आणि टोपी, पाण्याची बाटली सोबत घ्यावी, ही विनंती.