प्रयोगशाळेतले तीस तास

मी जीवशास्त्र शिकवते. बारावीनंतर या विषयाची पदवी मिळवायला काय काय पुरं करावं लागतं, असं पालक नेहमी विचारतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, लागतात. चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. व्याख्यानाच्या १५ तासांना एक श्रेयांक मिळतो, प्रॅक्टिकलच्या मात्र ३० तासांना.

हा दुप्पट वेळ मुलांना जाचतो. मग मित्राच्या जर्नलमधल्या आकृत्या उतरवल्या जातात, त्यावर सही मिळते आणि श्रेयांकही जमा होतो. पण कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून, काचपट्टीवर चेपून, विभागणाऱ्या पेशीतली गुणसूत्रं स्वतः शोधून पाहा! पहिल्या दोन-तीन काचपट्ट्या हमखास बिघडतात. त्या बिघडाव्यात आणि पुन्हा करता याव्यात, म्हणून तर ते तीस तास. पुढे संशोधनात किंवा औषधांच्या कारखान्यात हाच सराव कामी येतो.

म्हणून प्रवेश घेताना फीबरोबर आणखी एक गोष्ट जरूर विचारा: एका सूक्ष्मदर्शकावर किती मुलं बसतात?