बिल्ला आणि पत
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीत दुकानदारी पिढीजात असल्यामुळे आज आम्ही सुट्या पैशांच्या इतिहासातील एक प्रकरण आपल्यापुढे मांडण्याचे योजिले आहे. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचविण्यासाठी १९४३ साली निघालेला भोकाचा पैसा आपणांस ऐकून ठाऊक आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) मोडीची टंचाई याहून बिकट झाली होती.

१८६१ च्या अखेरीस तेथील बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबविले. लोकांनी प्रथम सोने, मग चांदी, आणि शेवटी एक सेंटचे क्षुद्र नाणेसुद्धा घरांत दडविले. १८६२ च्या जुलैत सरकारने टपालाची तिकिटे चलन म्हणून चालविली. परंतु ती हाताला चिकटत व फाटत. तेव्हा दुकानदारांनीच तांब्यापितळेचे बिल्ले पाडले. आकार सेंटाएवढा, आणि पुष्कळांवर दुकानाचे नाव व पत्ता. कित्येकांवर ‘एक सेंट’ ठळक कोरून त्यावर ‘नव्हे’ हा शब्द बारीक अक्षरांत घातलेला असे. हेतू हा की, खोटे नाणे पाडल्याचा आरोप येऊ नये! असे सुमारे अडीच कोटी बिल्ले निघाल्याचा अंदाज आहे.

बिल्ल्यातील धातूची किंमत सेंटाहून कमी. तो चालला तो केवळ वचनावर. न्यूयॉर्कमधील लिंडेनम्युलर नावाच्या मद्यगृहचालकाने दहा लाखांवर बिल्ले काढले. थर्ड अॅव्हेन्यू रेलरोड या ट्राम कंपनीने ते उतारूंकडून भाडे म्हणून घेतले. पुढे साचलेले बिल्ले तिने परत नेले, तेव्हा त्याने पैसे देण्याचे साफ नाकारले. आणि कायद्याने त्यास बांधता येईना. अखेर २२ एप्रिल १८६४ च्या कायद्याने असे एक व दोन सेंटचे खासगी बिल्ले बंद झाले, आणि त्याच कायद्याने ब्राँझचे नवे सेंट निघाले.

बंधूंनो, बिल्ल्यावर नाव कोरणे सोपे, परत आल्यावर तो ओळखणे कठीण. बुडतो तो मात्र ज्याच्या मुठीत तो शेवटी उरतो तो, आणि बहुधा तो गरीबच असतो. आज व्यवहार मोबाइलवर होतात. तरी उधारीची चिठ्ठी, भिशीचा हप्ता, ठेवीची पावती हे आपलेच बिल्ले होत. ते परत येतील तेव्हा आपल्या तरुणांनी मान वळवू नये, एवढीच आमची विनंती आहे.