कूचबिहारचा गायक अब्बासउद्दीन



आजच्या महोत्सवात एका बंगाली लोकगायकाविषयी बोलण्याचे मी योजिले आहे. आम्हां बडोदेकरांना त्याचे काय, असे कोणी विचारील. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कन्या इंदिराराजे १९१३ साली विवाह करून कूचबिहारला गेल्या, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्याच संस्थानात, तुफानगंजजवळच्या बलरामपूर गावी, अब्बासउद्दीन अहमद नावाचा मुलगा तेव्हा वाढत होता. त्याचा जन्म १९०१ चा.

वडील वकील, पण मुलाचे कान शेताकडे. गाडीवान आणि म्हशी राखणारे गुराखी जे गात, ते तो उचली. त्या गाण्यांना भावाइया म्हणतात. साथीला दोतारा. गाताना आवाज मध्येच मोडतो, आणि ते मोडणे हेच त्या गाण्याचे मर्म. बोली त्या मुलखाची, राजबंशी वळणाची. कलकत्त्याच्या शिकल्यासवरल्या लोकांना ती गावंढळच वाटायची.

अब्बासउद्दीन कलकत्त्यास आले, सरकारी कचेरीत कारकुनी करू लागले आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी गाऊ लागले. त्या काळी काही मुसलमान गवई हिंदू नाव घेऊन गात, प्रसिद्ध के. मल्लिक हे मूळचे महंमद कासेम. अब्बासउद्दीन मात्र स्वतःच्याच नावाने गायले. कवी काझी नजरुल इस्लाम यांच्याकडून त्यांनी ईदेचे गीत लिहवून घेतले. असली गाणी खपतील काय, अशी कंपनीला शंका होती. १९३२ साली ती तबकडी निघाली आणि हातोहात खपली. आजही रमजानचा महिना संपून चंद्र दिसला की बांगलादेशात ते गीत घरोघर ऐकू येते.

पण त्यांचे खरे ऋण निराळेच आहे, असे मी मानतो. गाडीवानाचे गाणे त्यांनी गाडीवानाच्याच बोलीत तबकडीवर नेले. जी बोली शहरात बोलायला माणूस लाजे, ती शहराने पैसे मोजून ऐकली. नावाड्यांची भाटियाली गीतेही त्यांनी तशीच घरोघर पोचविली.

पुढे १९४७ ची फाळणी आली. अब्बासउद्दीन ढाक्यास गेले. कूचबिहार संस्थान भारतात राहिले आणि १९५० साली पश्चिम बंगालचा जिल्हा झाले. ज्या गावाची गाणी ते जन्मभर गायले, ते गाव परदेशात गेले! ३० डिसेंबर १९५९ रोजी ढाक्यातच त्यांनी देह ठेवला. त्यांचे आत्मचरित्र निघाले ते त्यांच्या मागे, १९६० साली. कन्या फिरदौसी रहमान नामांकित गायिका झाल्या. पुत्र मुस्तफा जमान अब्बासी यांनी लोकगीतांचा अभ्यास आणि संग्रह केला. माणसाला सीमेने अडविले, पण गाणे काही अडले नाही. भावाइया आज इकडे कूचबिहारात आणि तिकडे रंगपुरात, दोन्हीकडे गातात.

मंडळी, आता थोडे घरचे. आपल्या मराठीत गुजराती शब्द सहज येतात. पुण्याचे पाहुणे हसतात, आणि मुले त्यांच्यापुढे तोंड उघडीत नाहीत. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणत असे. तिच्या ओवीतही ही सरमिसळ होती. मी शिकलो-सवरलो, आणि मनात तिची ओवी सुधारून घेत राहिलो. ती गेली, आता सुधारलेले शब्दही आठवत नाहीत आणि मूळचेही गेले.

म्हणून विश्वस्तांना माझी एकच विनंती. आपल्या कुटुंबांत अजून ज्या आजीबाई गातात, त्यांचे गाणे त्यांच्याच बोलीत, एक अक्षरही न बदलता ध्वनिमुद्रित करावे. खर्च फार नाही. वेळ मात्र थोडा उरला आहे.