केसांखालचा खेकडा : स्वागताध्यक्षीय भाषण

उष्ण कटिबंधातल्या प्रवाळखडकांवरील लहान केसाळ खेकडे ओळखताना पहिली फसगत केसच करतात. त्यांत गाळ अडकतो, कवचाचा आकार झाकला जातो आणि प्राणी शेवाळाचा गोळा वाटतो. शिवाय केसांवरून नाते ठरत नाही. दूरच्या कुळांतही ते आढळतात.

म्हणून आधी पाय मोजावेत. खऱ्या खेकड्याला नांग्यांमागे चालण्याच्या पायांच्या चार जोड्या असतात. तीनच दिसल्या आणि मिशा लांब असल्या, तर तो बहुधा शंखातल्या खेकड्यांचा नातलग. मागचे पाय आखूड होऊन पाठीकडे वळलेले असतील, तर पाठीवर स्पंज वाहणाऱ्या ड्रोमियाच्या कुळाचा विचार करावा. उरलेल्यांत खरा घोळ पायलम्निडी आणि झँथिडी या दोन कुळांचा. नर उताणा करून पोटाची पट्टी पाहावी: पायलम्निडीत तिचे सातही खंड सुटे, झँथिडीत तिसरा ते पाचवा जुळलेले. पट्टीखालचे पहिले जननांग पायलम्निडीत बारीक आणि इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले असते. हिंदी व प्रशांत महासागरांत दूरवर पसरलेला काळपट, झिपऱ्या केसांचा पायलम्नस व्हेस्पर्टिलिओ याच कुळातला. फॅब्रिशियसने 1793 मध्ये त्याचे वर्णन केले. मादी एकटीच हाती आली, तर जातीचे नाव देण्याची घाई नको.

मिरचीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या, समुद्र नसलेल्या नंदुरबारात खेकड्यांच्या अभ्यासकांचे स्वागत होत आहे, ते अस्थानी नाही. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची जातही बहुधा नराच्या जननांगावरूनच पक्की होते. दख्खनच्या खेकड्यांवरचा साइक्स आणि वेस्टवूड यांचा लेख 1836 चा. बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिसचे वर्णन त्यातलेच. फरक पिलांचा. प्रवाळातल्या खेकड्यांच्या अळ्या प्रवाहाबरोबर दूर जातात. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या अंड्यांतून थेट पिले निघतात, त्यामुळे डोंगराची एक धारही त्यांना वेगळे ठेवू शकते. या जिल्ह्यात सातपुडा नर्मदा आणि तापी यांची खोरी विभागतो, म्हणून नमुन्यासोबत नुसते ‘नंदुरबार’ लिहिणे अपुरे आहे.

स्वागत समितीची अभ्यासकांना विनंती एवढीच: तोरणमाळच्या ओढ्यांकडे जाताना वनखात्याची परवानगी घ्यावी, मद्यार्कात रंग उडण्याआधी छायाचित्र काढावे आणि चिठ्ठीवर ओढा, खोरे व तारीख न चुकता लिहावी.